आबांच्या पावसाच्या वह्या : प्रकल्प नोंदी

१६ मार्च २०२५

कामाचं स्वरूप एकदा लिहून ठेवते, म्हणजे नंतर दादाशी वाद नको. आबांच्या पावसाच्या वह्या संगणकावर घ्यायच्या. पहिली नोंद १ जून १९६२, शेवटची ८ फेब्रुवारी २०२५. वह्या ६३. दर १ जूनला नवी वही, कारण पाटबंधारे खात्यात पाण्याचं वर्ष जूनपासून धरतात आणि आबांनी निवृत्त झाल्यावरही घरात तेच चालू ठेवलं. या माणसाचा पाडवा जूनमध्ये असतो, असं आजी म्हणायची.

वह्या सगळ्या अप्पा बळवंत चौकातल्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, जमाखर्चाच्या. जुन्या वह्यांना कसर लागली आहे, बाकीच्या ठणठणीत. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, पाऊस, नक्षत्र व वाहन, शेरा. पानाच्या तळाशी महिन्याची बेरीज आणि आबांची आद्याक्षरं, जणू उद्या ऑडिट यायचं आहे.

पाऊस नसेल तिथे ‘निरंक’. मोजलाच नसेल तिथे जागा मोकळी. हा फरक फाइलमध्ये टिकलाच पाहिजे. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हता. मोकळं म्हणजे पाहिलंच नाही. दादाला बजावून सांगितलं, कारण रिकामा चौकोन दिसला की त्याचे हात शिवशिवतात.

बाबा अजून वह्यांना हात लावत नाहीत. पेपर घेऊन समोर बसतात आणि मी पान उलटलं की चष्म्यावरून बघतात.

२३ मार्च

दादाने बंगळुरूहून सुचवलं की फोनने फोटो काढ, आकडे मशीन वाचेल. वाचले. मशीनच्या मते पुण्यात १९७८ च्या एका मंगळवारी ९८१ मि.मी. पाऊस पडला. आबांचा १ आणि ९ शेपटीवरून ओळखावा लागतो, आणि शेपूट शाई किती होती त्यावर. हाताने टंकायचं ठरलं. तेवीस हजारांच्या आसपास ओळी होतील, त्यातल्या बहुतेक निरंक, म्हणजे तसं काम कमी.

फोटो मात्र सगळ्या पानांचे काढतेय. मूळ पान डोळ्यांसमोर हवं.

तळाच्या बेरजांचा मोठाच उपयोग झाला. शंका आली की दोन्ही आकडे घालून बेरीज लावायची. जो आकडा घातल्यावर तळाशी जमेल तो खरा. आजवर आबांची बेरीज चुकलेली सापडलेली नाही. माझीच जमत नाही, मग कळतं की एक ओळ गाळली.

५ एप्रिल

पहिल्या आठ वह्या अडल्या होत्या. जुलै १९६४ मध्ये एका दिवसासमोर नुसतं ‘६२’. पुण्यात ६२ मि.मी. म्हणजे रस्त्यात पाणी साचण्याचा दिवस, आणि असे दिवस त्या एका महिन्यात ओळीने निघाले. एवढा पाऊस महाबळेश्वरात शोभतो, नारायण पेठेत नाही.

उत्तर पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला होतं. मोजायची काच आबांनी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून घेतली होती, आणि ती इंच-सेंटची होती. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. ६२ सेंट म्हणजे १५.७ मि.मी. सगळं जागेवर आलं. ती काच पाच इंची मापकाची, म्हणून नरसाळंही पाच इंची हवं. ते त्यांनी तांबट आळीतून तांब्याचं करून घेतलं. कडा आतून उतरती आणि धार पातळ, म्हणजे थेंब काठावर पडला तर आत की बाहेर याचा निकाल लागतो. आज फुटपट्टी लावून पाहिली. व्यास अजून १२.७ सें.मी. भरतो, एका ठिकाणी किंचित पोचा आहे.

वही ९, जून १९७०, शेरा: ‘काच फुटली (मांजर).’ त्यानंतर शंभर मि.लि.चं प्रयोगशाळेतलं मोजपात्र आणि मिलिमीटर. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ १२६.७ चौ. सें.मी., म्हणून १ मि.मी. पावसाचं पाणी १२.६७ मि.लि. भरतं. पुढच्या प्रत्येक वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लाल शाईत ‘भागिले १२.६७’. लहानपणी मला ते मंत्रासारखं पाठ होतं. कशाला भागायचं ते आज कळलं.

फाइलमध्ये दोन रकाने केले: ‘वहीतला आकडा’ आणि ‘मि.मी.’. पहिल्याला कुणी हात लावायचा नाही.

६ एप्रिल

बाबांनी आपणहून एक वही घेतली आणि आकडे वाचून दाखवू लागले. मी टंकते. ते ‘निरंक’ अगदी आबांसारखं म्हणतात, नि लांबवून. वेग दुप्पट झाला.

१९ एप्रिल

आज शेऱ्यांचा रकाना. खरं तर मुख्य काम आकड्यांचं, पण आम्ही दोघं तिथेच अडकून पडलो.

आबांचे शेरे तारेसारखे. ‘पालख्या आल्या. भिजल्या.’ ‘चि. बाळ चालला.’ बाळ म्हणजे बाबा. ‘छत्री बसमध्ये राहिली.’ दोन दिवसांनी ‘छत्री मिळाली नाही.’ १९७२ चा ऑगस्ट जवळजवळ सगळा निरंक, आणि मध्येच ‘रेशनला मिलो.’ बाबा म्हणाले, त्या लाल मिलोच्या भाकरी थापता थापताच मोडायच्या, आणि आजी त्या मोडलेल्याच तव्यावर टाकायची. हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

एक गोष्ट मला आधीपासून शोधायची होती: वह्या १९६२ लाच का सुरू झाल्या. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि त्या पाण्याने दुपारी खडकवासल्याचं. आबा तेव्हा चोविशीतले, पाटबंधारे खात्यात नुकतेच चिकटलेले कारकून, आणि घर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. वाड्याच्या तळमजल्यात पाणी शिरलं, पणजोबांची सगळी कागदपत्रं गेली, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. पुढचं आबा कधी बोलले नाहीत. धरण खात्याचं आणि घर पुराचं. अशा माणसाला त्या वर्षी पेठेत कोण काय काय म्हणालं असेल याचा अंदाज येतो. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, तारखेच्याही वर, एक ओळ आहे: ‘पाऊस किती पडला ते स्वतः पाहावे.’

बाबांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, पुढचं वाच.

१ मे

सुट्टी. दादाने पेपरांतल्या बातम्यांशी ताळा घेऊन कळवलं की आबांच्या तारखा एका दिवसाने चुकतात. उदाहरण ४ ऑक्टोबर २०१०. त्या संध्याकाळी पुण्याची दाणादाण उडाली होती, मलाही आठवतंय, शाळेतून येताना रिक्षा बंद पडली होती. वहीत मोठा आकडा ५ तारखेला आहे.

चूक नाही, पद्धत आहे. पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा, आणि आधीच्या चोवीस तासांत जेवढा पडला तो मोजला त्या दिवसाच्या नावावर टाकायचा. हवामान खातं हेच करतं. ४ च्या संध्याकाळचा पाऊस म्हणून ५ च्या खात्यात. शेरा: ‘बाटली भरून डब्यात उतरले. डब्यातलेही मोजले.’ मापकाचा बाहेरचा डबा त्यासाठीच असतो.

साडेआठ म्हणजे साडेआठ. आमच्या मुंजी-लग्नांच्या फोटोंत सकाळच्या विधीला आबा कुठेच दिसत नाहीत, ते यामुळेच.

दुसरा नियमही इथेच लिहून ठेवते. २.५ मि.मी. किंवा जास्त पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’. वर्षाच्या शेवटी आबा असे दिवस मोजून लिहीत. २.४ चे दिवस कितीतरी आहेत, आणि एकही त्यांनी आत घेतलेला नाही. १९८५ च्या वहीत एका २.४ शेजारी आजीच्या अक्षरात पेन्सिलीने ‘घ्या की!’ आहे. घेतला नाही.

२६ मे

यंदा मृग लागायच्या आधीच मोसमी पाऊस पुण्यात आला. आज हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी जूनचा पहिला आठवडा उलटल्यावर यायचा. आबा असते तर वही संपायच्या आत नवा पाऊस आल्याबद्दल नाराज झाले असते, कारण हा जुन्या वर्षात धरावा लागतो.

गच्चीवर गेलो. फेब्रुवारीपासून मापकाकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. बाटली काठोकाठ, डब्यातही पाणी, त्यावर पिंपळाचं पान. किती दिवसांचं, त्यातलं उडालं किती, काही सांगता येत नाही. दादाचं म्हणणं, मोजून एकच आकडा टाका. नाही टाकला. फाइल ८ फेब्रुवारीला संपते. बाबांनी पाणी तुळशीला घातलं आणि नरसाळं धुऊन उपडं ठेवलं.

१५ जून

हा आठवडा निव्वळ आकडेमोडीचा. शिवाजीनगरच्या वेधशाळेचे मासिक आकडे मिळवले. (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, आबा त्या चौकाला शेवटपर्यंत सिमला ऑफिस म्हणत, बस कंडक्टरही तेच म्हणायचे.) दोन्हींच्या वर्षावर्षाच्या बेरजा साठवत जायच्या आणि एक आकडा आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर मांडायचा. दोन्ही मापकं आपापल्या जागी नीट असतील तर रेघ सरळ जाते. एखाद्याचं काही बदललं तर तिथे ती वाकते. तीस वर्षं रेघ सुतासारखी सरळ आहे. मग १९९२ ला वाकते, आबांचा पाऊस कमी पडू लागतो.

वही ३१ काढली. जून १९९२, शेरा: ‘पश्चिमेस चार मजले झाले.’ आपला पाऊस येतो पश्चिमेकडून, वाऱ्यावर तिरका. आडोशाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावा असा नियम आहे, आणि वाड्याच्या अंगणात तेवढी जागा कुठली? पुढे १९९८ ला वाडा उतरवला, इमारत झाली, मापक गच्चीवर गेला. आडोसा गेला पण वारा आला, आणि वाऱ्यात थेंब नरसाळ्याच्या तोंडावरून पुढे निघून जातात. म्हणजे रेघ पुरती सरळ झालीच नाही.

आबांना हे माहीत होतं. शेरा तेवढ्यासाठीच आहे. पण आकडे त्यांनी वाढवून लिहिले नाहीत, काचेत दिसलं तेच लिहिलं. आम्हीही ‘सुधारित’ असा तिसरा रकाना केलाय आणि मूळ तसंच ठेवलंय. या एका मुद्द्यावर दादा माझ्याआधी तयार होता.

२९ जून

लाल ठिपके. हे आतापर्यंत टाळत आले होते.

नक्षत्राच्या रकान्यात मधूनमधून एक लाल ठिपका आहे, टाचणीच्या डोक्याएवढा. पहिला १९६५ मध्ये, म्हणजे लग्नाच्या वर्षी. शेवटचा ऑगस्ट २००३ च्या सुरुवातीला. पाऊस असतानाही आहे, नसतानाही आहे. बाबांना विचारलं: पगार? एकादशी? त्यांना ठाऊक नाही. पगार नक्की नाही, कारण ठिपके फक्त जून ते ऑक्टोबर.

तारखा वेगळ्या काढून क्रमाने लावल्या. २१ जून, ५ जुलै, १९ जुलै, २ ऑगस्ट, १६ ऑगस्ट, ३० ऑगस्ट. एखादा दिवस इकडेतिकडे, पण दर वर्षी याच सुमाराला. तेरा-चौदा दिवसांचं अंतर. म्हणजे सूर्य एका नक्षत्रातून निघून दुसऱ्यात जातो तो दिवस. मृग संपून आर्द्रा, आर्द्रा संपून पुनर्वसू. ठिपका प्रत्येक वेळी नाही, पण असेल तर नक्षत्राच्या शेवटच्याच ओळीला.

शेवटच्या ओळीला काय असतं? आत्याला विचारायला हवं.

१३ जुलै

दादाने वही ४२ मध्ये घोळ घातला. खरं तर घोळ नाही, त्याला वाटलं तसं केलं. २२ ऑगस्ट २००३ ची जागा मोकळी होती आणि २३ ला ‘४.२ (दोन दिवसांचे मिळून)’. त्याने निम्मे निम्मे करून दोन्हीकडे २.१ टाकले. रिकामी जागा दिसायला नको म्हणून.

फोन केला. म्हटलं, ती तारीख बघ. तो जरा वेळ काही बोलला नाही.

२२ ला पहाटे आजी गेली.

रिवाज असा की एक दिवस मोजायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी साठलेलं एकत्र मोजायचं आणि तसं लिहायचं. वाटून टाकायचं नाही, कारण कुठल्या दिवशी किती पडला ते आता कुणालाच कळणार नाही. फाइलमध्ये २२ मोकळं आणि २३ ला ४.२, कंस तसाच. दादाने स्वतः दुरुस्त केलं.

बाबा म्हणाले, २२ ला घर माणसांनी भरलेलं, आबा पायऱ्यांवर बसून होते, साडेआठ वाजून गेलेले कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांच्याही? असं मी विचारलं नाही. २३ च्या शेऱ्यात काही नाही. त्या पूर्ण महिन्यात शेरा नाही. तळाची बेरीज बरोबर आहे.

२७ जुलै

आत्या साताऱ्याहून आली. ठिपके दाखवले तर हसतच सुटली.

‘अगं, पैज असायची त्यांची!’

आजीचा भरवसा पंचांगावर. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते मोजून नवाने भागायचं, बाकी उरेल त्यावरून वाहन. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले की कमी. आबांचा भरवसा काचेवर. (दोघंही भागाकारच करत होते, एक नवाने आणि एक १२.६७ ने, हे आत्याला सांगितलं तर म्हणाली, तू अगदी त्यांच्यावर गेली आहेस.) नक्षत्र लागलं की आजी स्वयंपाकघरातून वाहन जाहीर करायची: ‘हत्ती आहे, छत्री न्या.’ संपलं की त्या रात्री जेवणानंतर वही उघडायची आणि निकाल. आजी जिंकली की लाल ठिपका, आणि दुसऱ्या दिवशी आबा ऑफिसातून येताना मंडईतून गजरा आणायचे.

आबा जिंकले तर? ‘त्यांना काय द्यायचं! चहा मागायचे, तो एरवीही मिळायचाच.’

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. म्हणाले, गजरा आठवतो. मला वाटायचं पगार झाला.

३ ऑगस्ट

दादाने अर्थातच रात्रभर बसून गणित केलं. प्रत्येक नक्षत्राचं वाहन, त्या तेरा-चौदा दिवसांतला पाऊस, आणि ठिपका आहे की नाही. वाहनाचा पावसाशी संबंध लागतो का ते त्याला बघायचं होतं. लागत नाही, याचं त्याला नवल नाही. त्याची तक्रार वेगळी आहे. ठिपक्यांचाही पावसाशी संबंध लागत नाही. आजी जिंकली कशावर ठरवायचे, तो निकषच त्याला सापडेना. ‘म्हैस असताना किती मि.मी. म्हणजे भरपूर? कुठेतरी आकडा असेल ना?’

मी पानं काढली. सत्तरच्या दशकातल्या एका वर्षीच्या आश्लेषा, वाहन म्हैस. चौदा ओळी. बारा निरंक, एक ०.३, एक ०.८. ठिपका आहे. दुसऱ्या एका वर्षी कोल्हा. म्हणजे आजीच्या हिशेबाने कोरडं जायला हवं. आठ पावसाचे दिवस. ठिपका आहे. आणखी एका वर्षी मेंढा, पालख्या भिजल्या, छत्री हरवली ती याच पंधरवड्यात. ठिपका, चांगला ठळक.

बाबा म्हणाले, २.४ चा २.५ केला नाही या माणसाने कधी.

आत्याला फोन लावला. निकाल कोण द्यायचं, आजी की आबा? ‘वही कुणाच्या हातात असायची?’ ती म्हणाली, आणि कुकर झाला म्हणून फोन ठेवला.

दादाचं म्हणणं, हे ठिपके ‘अविश्वसनीय’ म्हणून वेगळे काढावेत, नाहीतर फाइल वापरणारा गोंधळेल. काढलेले नाहीत. इतके दिवस त्या रकान्याचं नाव ‘खूण?’ असं होतं, ते बदलून ‘गजरा’ केलं. मूल्य हो किंवा नाही. २२ ऑगस्ट २००३ नंतर नाही पण नाही, मोकळं. दादाने यावर हरकत घेतलेली नाही.

उरलेलं: वही ५२ ते ५५ च्या बेरजा ताडून पाहायच्या. कसर लागलेल्या वह्यांना कागदी वेष्टन. आत्यासाठी छापील प्रत, अक्षर मोठं, आणि शेऱ्यांचा रकाना तिला आधी हवा आहे.